प्लास्टिक पाणी पिते, दुर्बीण अंधूक होते

जुलै महिन्यात डोंबिवली एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नायलॉनचे सुटे भाग बनवायचे असतील, तर मशीन सुरू करण्याआधी एक काम उरकावे लागते. दाणा सुकवावा लागतो. प्लास्टिकच्या कच्च्या मालाला या धंद्यात ‘दाणा’ म्हणतात. नायलॉनचा दाणा हॉपर ड्रायरमध्ये ८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवला जातो आणि मगच मशीनमध्ये सोडला जातो. कंटाळा करून रात्रभर उघड्या राहिलेल्या पोत्यातला दाणा थेट वापरला, तर साच्यातून निघणाऱ्या मालावर चंदेरी रेघा उमटतात, आत बुडबुडे राहतात आणि भाग हातातच तुटतो. कारण साधे आहे. वरवर कोरडा दिसणारा दाणा हवेतले पाणी पिऊन बसलेला असतो. मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये त्या पाण्याची वाफ होते. ती बुडबुडे तर करतेच, शिवाय नायलॉनच्या लांब साखळ्याही तोडते.

कारखान्यात या चुकीची किंमत म्हणजे एक घाण माल. तीच चूक उपग्रहात झाली, तर शेकडो कोटी रुपयांची दुर्बीण अंधूक होऊ शकते आणि ती पुसायला तिथे कोणी नसते. म्हणूनच अवकाशयान बांधणाऱ्यांना धातूइतकीच, किंबहुना त्याहून जास्त काळजी प्लास्टिक, रेझिन, गोंद, रबर आणि रंग यांची करावी लागते. या सगळ्यांना मिळून पॉलिमर किंवा बहुवारिके म्हणतात. आधुनिक उपग्रहात ती जागोजागी असतात. तारांवरचे वेष्टन, सर्किट बोर्ड, सोनेरी दिसणारी उष्णतारोधक पांघरुणे, सौर पॅनेलमधला गोंद, कार्बन तंतूंचे सांगाडे हे सारे पॉलिमरवाचून होत नाही.

शहाडचा धागा आणि ओलाव्याचा हिशेब

प्लास्टिक पाणी पिते हे ऐकायला विचित्र वाटते. बादली, पिशवी, पाण्याची टाकी यांतून पाणी झिरपत नाही हा रोजचा अनुभव आहे. पण झिरपणे वेगळे आणि शोषणे वेगळे. पॉलिमर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब रेणूंचा गुंता. त्या गुंत्यात रेणूंपुरत्या बारीक फटी असतात. हवेतले पाण्याचे रेणू या फटींतून आत शिरतात. साखळीवर पाण्याला आकर्षून घेणाऱ्या जागा असल्या, तर ते तिथे चिकटून राहतात. नायलॉनमध्ये अशा जागा भरपूर आहेत. टेफ्लॉनमध्ये जवळपास नाहीत. त्यामुळे नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवले तर ते स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ शकते, आणि टेफ्लॉन एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकेही घेत नाही. उपग्रहांच्या पांघरुणांत वापरली जाणारी कॅप्टॉन नावाची फिल्म साध्या हवेतही दोन टक्क्यांच्या आसपास पाणी धरते. कार्बन तंतू बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिनही पाणी घेते. ते किती घेणार, हे त्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

कल्याण परिसराला हा हिशेब नवा नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये आणि २००९ मध्ये बंद पडलेल्या मोहोने येथील एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस रेयॉनचा धागा निघत असे. शहाडची चिमणी या पट्ट्याची ओळखच बनली. रेयॉन हाही पॉलिमरच आहे, आणि तो मोठा पाणीखाऊ आहे. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पूर्ण कोरड्या रेयॉनचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी वाढते. नायलॉनचे वाढते सुमारे ४ टक्क्यांनी आणि पॉलिस्टरचे अवघे ०.४ टक्का.

धागा वजनावर विकला जातो. म्हणजे दमट दिवशी तोलला तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजणार आणि कोरड्या दिवशी तोलला तर गिरणीचे नुकसान होणार. यावर वस्त्रोद्योगाने फार पूर्वी तोडगा काढला. धागा आधी पूर्ण सुकवायचा, त्याचे वजन करायचे आणि ठरलेल्या टक्क्याने ओलावा त्यात मिळवून किंमत लावायची. कोरड्या धाग्याने हवेतून परत घेतलेल्या या ओलाव्याला इंग्रजी व्यापारी भाषेत ‘रीगेन’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. उपग्रहाच्या साहित्याची परीक्षा घेताना तो पुन्हा भेटतो.

निर्वात पोकळीत काय होते?

जमिनीवर पॉलिमर आणि हवा यांची देवघेव चालू असते. हवा दमट झाली की पाणी आत जाते, कोरडी झाली की बाहेर येते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर सुटते, तोच हा प्रकार. अवकाशात मात्र देवघेव संपते. बाहेर हवाच नसते, त्यामुळे आत परत काही येत नाही. पॉलिमरने धरून ठेवलेले सगळे हळूहळू बाहेर पडू लागते. याला आउटगॅसिंग, म्हणजे पदार्थातून वायू सुटणे म्हणतात.

सुटणाऱ्यांत पाणी सर्वांत जास्त असते. पण ते एकटे नसते. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून घातलेली तेलकट द्रव्ये, रेझिनमध्ये अर्धवट राहिलेले छोटे रेणू, रंगातले द्रावक आणि सिलिकोन रबरातले तेल हेही निघतात. याची घरगुती ओळख अनेकांना आहे. नव्या गाडीत येणारा ‘नवेपणाचा’ वास म्हणजे सीट, डॅशबोर्ड आणि गोंद यांतून सुटलेले वायू. उन्हात उभ्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर जमतो, तोही बऱ्याच अंशी तिथूनच येतो. फडके फिरवले की तो जातो. अवकाशात फडके फिरवता येत नाही.

हवेत सुटलेला रेणू इतर रेणूंवर आदळत इकडेतिकडे भरकटतो. निर्वातात त्याला अडवणारे कोणी नसते. तो सरळ रेषेत जातो आणि वाटेत येणाऱ्या पहिल्या पृष्ठभागावर आपटतो. तो पृष्ठभाग उबदार असेल तर रेणू पुन्हा उडतो. थंड असेल तर तिथेच बसतो. उपग्रहावर सर्वांत थंड ठेवलेल्या गोष्टी कोणत्या? दुर्बिणीचे आरसे आणि कॅमेऱ्याचे संवेदक. म्हणजे जी वस्तू सर्वांत स्वच्छ राहायला हवी, तीच घाण गोळा करते. त्यात सूर्याचे अतिनील किरण या तेलकट थरावर पडले, तर थरातले रेणू एकमेकांशी जोडले जाऊन तो पक्का होतो आणि पिवळट-तपकिरी पडतो. मग तो तापवूनही सहज निघत नाही.

अवकाशयुगाच्या सुरुवातीलाच हा धडा मिळाला. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ यान चंद्राला प्रदक्षिणा घालून आले. त्या यानाच्या पाच खिडक्यांपैकी तीन धुरकट झाल्या होत्या. दोषी ठरले ते खिडक्यांभोवती हवा अडवायला भरलेले सिलिकोन. त्यातून सुटलेले तेल काचांवर बसले होते.

अ‍ॅस्ट्रोसॅटचे ६३ दिवस

महाराष्ट्रातल्या वैज्ञानिकांनी हा प्रश्न अगदी जवळून हाताळला तो अ‍ॅस्ट्रोसॅटच्या वेळी. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने हा भारताचा पहिला बहुतरंगलांबी खगोल उपग्रह कक्षेत नेला. त्यातली क्ष-किरण उपकरणे घडवण्यात मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा मोठा वाटा होता. पुण्याची आयुका ही संस्थाही प्रकल्पात होती. यातल्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचे आरसे वेगळ्या पद्धतीने बनवले गेले. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा गुळगुळीत थर बसवायचा आणि दोहोंना धरून ठेवायला मध्ये इपॉक्सीचा पापुद्रा. म्हणजे दुर्बिणीच्या अगदी गाभ्यातही पॉलिमर होता.

सर्वांत नाजूक होती ती यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, आयुका, टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून ती तयार केली. ती १३० ते १८० नॅनोमीटर इतक्या आखूड तरंगलांबीचा प्रकाशही टिपते. या पट्ट्यात बहुतेक सेंद्रिय पदार्थ जवळपास अपारदर्शक असतात. डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याला जाणवणारही नाही, पण अतिनील दुर्बिणीपुरता तो पडदाच ठरतो.

म्हणून उपग्रह कक्षेत पोहोचला तरी यूव्हीआयटीची दारे उघडली नाहीत. सगळ्या जगाचे लक्ष लागलेले असताना, दुर्बीण ठणठणीत असताना, ती बंद ठेवली गेली. आधी उपग्रहाच्या अंगातला ओलावा आणि वायू पोकळीत निघून जाऊ द्यायचे होते. क्ष-किरण दुर्बिणीने २६ ऑक्टोबरला आपले पहिले निरीक्षण केले. यूव्हीआयटीची दारे उघडली ती ३० नोव्हेंबरला, प्रक्षेपणानंतर ६३ दिवसांनी.

या संयमाचे फळ काय मिळाले? कक्षेतल्या तपासणीत वेगवेगळ्या गाळण्यांमधली संवेदनक्षमता जमिनीवरच्या मोजणीपेक्षा जास्तीत जास्त १५ टक्क्यांनी कमी आढळली. अतिनील उपकरणाच्या मानाने हा तोटा सोसण्याजोगा होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, याच दुर्बिणीने आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे एकूण २८ तासांहून अधिक काळ पाहिले. त्या माहितीचे विश्लेषण करायला जवळपास दोन वर्षे लागली. आयुकाचे कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाला त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून आलेले तीव्र अतिनील किरण सापडले. एयूडीएफएस-०१ या नावाच्या त्या दीर्घिकेचा शोध ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त प्रसिद्ध झाला. इतका क्षीण प्रकाश टिपायचा, तर आरशावर पापुद्रा चालत नाही.

थेंबाच्या पाचव्या भागाचा प्रताप

किती पाणी पुरेसे होते, याचा हिशेब धक्का देणारा आहे. एक चौरस मीटर आरशावर १० नॅनोमीटर जाडीचा बर्फाचा थर बसवायला साधारण दहा मिलिग्रॅम पाणी लागते. म्हणजे एका थेंबाचा जेमतेम पाचवा भाग. उलट, उपग्रहात दहा किलो पॉलिमर असले आणि त्याने फक्त एक टक्का ओलावा धरला, तर ते पाणी शंभर ग्रॅम भरते. त्यातला दहा हजारावा हिस्सा चुकीच्या जागी गेला तरी काम बिघडते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या युक्लिड दुर्बिणीवर नेमके हेच झाले. जुलै २०२३ मध्ये ती झेपावली. जमिनीवर सर्व काळजी घेतली होती. कक्षेत गेल्यावरही उपग्रह काही दिवस तापवून ओलावा घालवण्याचा प्रयत्न झाला. तरी नोव्हेंबरच्या सुमारास लक्षात आले, की एकाच ताऱ्याचा प्रकाश दर खेपेस थोडा कमी मोजला जातो आहे. उष्णतारोधक पांघरुणांत दडून राहिलेले पाणी सावकाश सुटून आरशांवर बर्फ बनून बसत होते. थर होता काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटरचा. सगळी दुर्बीण तापवली, तर तिचे भाग प्रसरण पावून रचनेची अचूकता बिघडण्याची भीती होती. म्हणून मार्च २०२४ मध्ये एकेक आरसा वेगळा तापवायचे ठरले. पहिला आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांवर आणला आणि दुर्बिणीला १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला. ज्या तापमानाला आपण कल्पनेतही ‘तापवणे’ म्हणणार नाही, तेवढे बर्फ उडवायला पुरेसे होते.

ओलावा जाण्याचा दुसरा परिणाम आकारावर होतो. पाणी प्यालेले पॉलिमर फुगते आणि सुकल्यावर आकसते. हबल दुर्बिणीच्या दोन आरशांमधले अंतर राखणारा सांगाडा ग्रॅफाइट-इपॉक्सीचा आहे. एप्रिल १९९० मध्ये कक्षेत गेल्यापासून तो सुकत गेला आणि सुमारे १५० मायक्रॉनने आखडला. कागदाच्या एक-दोन पानांच्या जाडीइतके हे अंतर. पण दुर्बिणीचा नाभी बिघडायला ते पुष्कळ असते. त्यामुळे दुसरा आरसा वेळोवेळी किंचित सरकवून चित्र पुन्हा स्पष्ट करावे लागले. आकसण्याचा बराचसा भाग पहिल्या काही वर्षांतच घडला.

१२५ अंशांची परीक्षा

कोणता पदार्थ उपग्रहात चालेल, हे ठरवायला जगभर एक प्रमाणित चाचणी वापरली जाते. पदार्थाचा छोटा तुकडा, साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅमचा, घेतात. तो आधी ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत २४ तास ठेवतात, म्हणजे सर्वांची सुरुवात एकाच ओलाव्यापासून होते. मग वजन करून तो निर्वात पेटीत १२५ अंश सेल्सिअसला २४ तास तापवतात. समोर २५ अंशांवर ठेवलेली एक चकचकीत थंड चकती असते. तुकड्यातून सुटलेले जे काही चिकटण्याजोगे आहे, ते या चकतीवर जमते.

शेवटी दोन आकडे पाहतात. तुकड्याचे वजन एकूण किती घटले, आणि चकतीवर किती जमले. साधारण कसोटी अशी, की घट एक टक्क्यापेक्षा जास्त नको आणि चकतीवरचा जमाव ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. दुसरा आकडा अधिक कडक आहे, कारण खोलीच्या तापमानालाही चिकटून बसणारे तेल हे पाण्यापेक्षा वाईट शत्रू.

इथेच ‘रीगेन’ पुन्हा येतो. नायलॉनसारखा पदार्थ या चाचणीत एक टक्क्याहून जास्त वजन गमावतो आणि वरवर नापास होतो. पण गेलेले वजन तेलाचे होते की नुसत्या पाण्याचे? हे कळायला तोच तुकडा पुन्हा ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवतात. त्याने हवेतून जेवढे वजन परत मिळवले, तेवढे पाणी होते असे धरतात आणि ते एकूण घटीतून वजा करतात. गिरणीत धाग्याचा भाव ठरवणारी युक्ती आणि उपग्रहाचे साहित्य निवडणारी युक्ती, दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: पदार्थाचे वजन आणि त्याने धरलेल्या पाण्याचे वजन वेगळे मोजले पाहिजे.

वजाबाकीनंतर पास झाला म्हणून पदार्थ बिनधोक ठरत नाही. युक्लिडसारख्या अतिथंड दुर्बिणीत पाणीच शत्रू असते. कोणता पदार्थ चालेल हे शेवटी तो कशाशेजारी बसणार आहे यावर ठरते.

सुकवायला वेळ का लागतो?

उपाय तोच, जो मोल्डिंगच्या शेडमध्ये होतो: तापवून सुकवणे. उपग्रहाचे भाग निर्वात भट्टीत कित्येक तास, कधी कित्येक दिवस ठेवतात. याला बेकिंग म्हणतात. तापमान फार चढवता येत नाही, कारण गोंद, इलेक्ट्रॉनिक भाग आणि भिंगांवरचे लेप खराब होतात. मग तापमानाची उणीव वेळेने भरून काढावी लागते.

आणि इथे निसर्ग सवलत देत नाही. पाण्याला आतून पृष्ठभागापर्यंत रेणूंच्या गुंत्यातून वाट काढायची असते. भागाची जाडी दुप्पट झाली, तर सुकायला लागणारा वेळ चौपट होतो. तिप्पट झाली, तर नऊपट. पातळ फिल्म काही तासांत सुकते. जाड इपॉक्सीचा ठोकळा खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने ओलावा सोडत राहतो.

सुकवलेला भाग पुन्हा दमट हवेत ठेवला, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून उपग्रह स्वच्छ खोल्यांत, नियंत्रित आर्द्रतेत जोडतात. पण ही हवा अगदी कोरडी करत नाहीत. साधारणपणे ४० ते ६० टक्के आर्द्रता राखतात. हवा फार कोरडी झाली, तर स्थिर विद्युत साठते आणि तिच्या एका ठिणगीने नाजूक चिप निकामी होऊ शकते. दोन संकटांच्या मधली ही वाट आहे. जी उपकरणे अतिसंवेदनशील असतात, त्यांच्यात कोरड्या नायट्रोजनचा मंद झोत फिरवत ठेवतात. समुद्रकाठच्या प्रक्षेपणतळावर याची गरज आणखी वाढते.

माणूस आत असेल तेव्हा

माणसाला घेऊन जाणाऱ्या यानात प्रश्न दुर्बिणीपुरता राहत नाही, तो फुफ्फुसांचा होतो. बंद कुपीत तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवली जाते. आतल्या प्लास्टिक, फोम आणि कापडातून सुटणारे वायू खिडकी उघडून घालवता येत नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या नासात आतल्या साहित्यासाठी वेगळी चाचणी आहे. वस्तू बंद पेटीत सुमारे ५० अंशांवर ७२ तास ठेवतात आणि पेटीतल्या हवेत कोणकोणती रसायने किती आली, ते मोजतात. प्रत्येक रसायनाची श्वासासाठीची सुरक्षित मर्यादा ठरलेली असते. गगनयानातून भारतीय अंतराळवीर झेपावतील, तेव्हा त्यांच्या श्वासाचे गणितही याच विचारावर उभे असेल.

घरासाठी यातून घेण्यासारखे थोडके पण उपयोगी आहे. नवे फर्निचर, नवा रंग, नवी गादी किंवा नवी गाडी यांतून सुरुवातीचे काही दिवस वायू सर्वांत जास्त सुटतात, आणि उष्णतेत आणखी जास्त. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण असतील, तर या काळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात. उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताना आधी काचा खाली कराव्यात. पृथ्वीवर राहण्याचा हा फायदा आहे: खिडकी उघडता येते.

कारखान्यांपुढची संधी आणि शिस्त

२०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले. खासगी उद्योगांना अवकाश क्षेत्राची दारे त्यामुळे अधिक उघडली. ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात प्लास्टिक, रबर, रसायने आणि केबलचे लहानमोठे कारखाने दाटीने आहेत. अंबरनाथमध्येच डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. खाऱ्या, दमट हवेत साहित्य कसे टिकते, हा तिथला रोजचा विषय. म्हणजे माल आणि जाण दोन्ही या भागात आहेत. मग अडते कुठे?

अडते ते नोंदीत आणि सवयीत. अवकाशासाठी ‘अमुक कंपनीचे इपॉक्सी’ एवढे सांगून भागत नाही. तेच इपॉक्सी, पण दोन घटकांचे प्रमाण थोडे चुकले किंवा पक्के होण्याचा वेळ अर्ध्यावर आणला, तर चाचणीचा निकाल पास वरून नापासवर जातो. कारण न जोडले गेलेले छोटे रेणू आत राहतात आणि पोकळीत सुटतात. म्हणून कोणत्या लॉटचा माल, कधी उघडला, किती अंशांवर किती तास ठेवला, याची नोंद मालाइतकीच महत्त्वाची असते.

काही सवयी तर मुळातूनच बदलाव्या लागतात. साच्यातून माल सहज सुटावा म्हणून मारला जाणारा सिलिकोनचा स्प्रे मोल्डिंगमध्ये सर्रास वापरला जातो. अवकाशाच्या कामात त्याला मज्जाव असतो, कारण त्याचे तेल हवेतून पसरून शेजारच्या भागांवरही बसते. मऊ पीव्हीसीची वायर बाजारात सर्वांत स्वस्त, पण तिला मऊ ठेवणारे तेलच पोकळीत बाहेर येते. तिथे टेफ्लॉनच्या जातीचे किंवा पॉलिइमाइडचे वेष्टन लागते. रेझिन भरलेले कार्बन कापड फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंशांवर साठवतात. पावसाळ्यात ते बाहेर काढून लगेच पिशवी फोडली, तर थंड कापडावर दव जमते आणि ते पाणी थेट रेझिनमध्ये जाते. पिशवी न फोडता ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबणे, एवढाच त्यावर उपाय. त्याला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

जुलैमध्ये ठाणे-कल्याण परिसरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत उघडे राहिलेले प्रत्येक पोते, प्रत्येक डबा पाणी पीत असतो. जमिनीवर ते पाणी काढायला एक भट्टी, एक वजनकाटा आणि काही दिवस पुरतात. वर गेल्यावर तेच काढायला पृथ्वीवरून आज्ञा पाठवून आरसे एकेक करून तापवावे लागतात, आणि तरीही सगळे निघेल याची हमी नसते.